मदत हवी आहे: नवा ४३ इंची फुल एचडी टीव्ही, चित्र मात्र पुसट

पेठकरी: गेल्या रविवारी पुण्यात आईवडिलांसाठी टीव्ही घेतला. चित्र जुन्या टीव्हीपेक्षाही पुसट दिसते आणि बातम्या देणारी निवेदिका आडवी फुगल्यासारखी वाटते. दुकानदार म्हणतो टीव्हीत दोष नाही, केबलवाला म्हणतो सिग्नल उत्तम आहे. बदलून घेण्याची मुदत शनिवारी संपते, तेव्हा नेमके सांगावे.

तारयंत्र: सेट टॉप बॉक्स कोणता, केव्हाचा आणि कोणत्या वायरने जोडला आहे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

पेठकरी: बॉक्स केबलवाल्याचा आहे. त्याचा येथे काय संबंध?

फुकटछत्री: केबल काढा आणि डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत छत्री लावा. मासिक शुल्क एक रुपयाही नाही.

तारयंत्र: आणि छत्रीचा बॉक्स जुन्या एमपेग-२ या चित्र-संकोचन पद्धतीचा निघाला, तर एचडी, म्हणजे जास्त बिंदूंचे स्पष्ट चित्र, तिथेही दिसणार नाही. प्रत्येक धाग्यावर छत्री उघडू नये.

गच्चीवरचा: आमच्या वेळी सिंहगडावरच्या प्रक्षेपण मनोऱ्याच्या दिशेने अँटेना फिरवावा लागे आणि खालून कोणीतरी 'आल्या, मुंग्या आल्या' असे ओरडे. डिजिटलमध्ये सिग्नल कमी पडला तर चित्राचे चौकोन होतात, ते पुसट होत नाही. म्हणजे केबलवाला खोटे बोलत नसावा.

पेठकरी: टीव्हीमागे वाकून पाहिले. लाल, पांढरी, पिवळी अशा तीन पिनांची वायर आहे. बॉक्सला एचडीएमआयचे, म्हणजे एचडी चित्र नेणाऱ्या वायरीचे, छिद्रच नाही. मार्च २०१३ मध्ये पुण्यात जुनी, डिजिटलपूर्व अ‍ॅनालॉग केबल बंद झाली तेव्हा बसवलेलाच हा बॉक्स आहे.

तारयंत्र: हे पहिल्याच ओळीत हवे होते. प्रक्षेपण डिजिटल झाले म्हणजे ते एचडी झाले असे नव्हे. तुमचा बॉक्स ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे चित्र देतो आणि पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे बरोबर पाचपट बिंदू आहेत, ते भरण्यासाठी टीव्ही तेच चित्र ताणतो. एचडी बॉक्स मागवा, एचडीएमआय वायर लावा आणि वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या निवडा. निवेदिकेसाठी रिमोटवरून चित्राचे रुंदी-उंची प्रमाण ४:३ करून पाहा.

फुकटछत्री: एचडी आवृत्तीचे पैसे वेगळे पडतात, हे सांगायला विसरलात. शिवाय २०१९ मध्ये लागू झालेल्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांनुसार वाहिन्यांच्या संख्येवर ठरणाऱ्या शुल्कासाठी एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांइतकी मोजली जात असे.

पेठकरी: ४:३ केल्यावर निवेदिका सडपातळ झाली. टीव्ही परत करत नाही, एचडी बॉक्स उद्या येईल. बाबांचा एकच प्रश्न आहे: वाहिन्यांचे क्रमांक बदलणार का, कारण ते त्यांना पाठ आहेत.

तारयंत्र: एचडी आवृत्तीचा क्रमांक निराळा असतो. रिमोटवर आवडत्या वाहिन्यांची यादी करून द्या.