कॉफीनं गुडघे झिजतात, हे म्हणे जनुकांवरून सिद्ध झालंय. आईची कॉफी बंद करायची का?

पूर्वभागातला
आई ६४ वर्षांची. तीसेक वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, दोन्ही गुडघे गेलेत. रोज दोन कप फिल्टर कॉफी, ही सवय शेजारच्या कन्नड काकूंनी लावलेली. आता धाकट्यानं पुण्याहून फर्मान काढलंय, कॉफी बंद! कारण काय, तर २०२० साली यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य-माहितीच्या साठ्यातल्या ३ लाखांहून जास्त लोकांची जनुकं तपासली. ज्यांची जनुकं कॉफीकडे ओढणारी, त्यांच्यात ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्यांची झीज) जास्त निघाला. माझं मत, म्हातारीच्या हातातला कप काढून घ्यायला एवढं पुरत नाही.

सातरस्ता_बायो
तुमचा भाऊ एवढा चुकीचा नाही. नुसती पाहणी केली तर कॉफीवाला सिगारेटही ओढतो, रात्रपाळीही करतो, मग गुडघ्याचा दोष कुणाला देणार? आणि दुखण्यानं झोप झाली नाही म्हणून माणूस कॉफी वाढवतो, असंही असू शकतं. जनुकांचं तसं नाही. आईबापांकडून कुठलं जनुक येणार ती चिठ्ठी गर्भातच निघते, पुढं गुडघा दुखला म्हणून ती बदलत नाही. याला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. मार्टाइन काटान या डच शास्त्रज्ञांनी १९८६ साली हाच विचार मांडला होता. कोलेस्टेरॉल कमी म्हणून कॅन्सर होतो, की कॅन्सरमुळे कोलेस्टेरॉल उतरतं, हे त्यांना सोडवायचं होतं.

कडक_भाकरी
काय सांगूलालास बे! सोलापुरात कॉफी पितंय कोण? चहावर गाव चालतंय.

होटगीरोड
@सातरस्ता_बायो, चिठ्ठीचं पटलं. पण चिठ्ठीवर लिहिलंय काय? 'कॉफीचं जनुक' असं काही नसतंय. सगळ्यात ठळक दोन जागा म्हणजे सीवायपी१ए२ आणि एएचआर. पहिलं यकृतात कॅफिन फोडणारं एन्झाइम बनवतं, दुसरं त्या एन्झाइमचं प्रमाण कमीजास्त करतं. ज्यांचं कॅफिन भराभर फुटतं त्यांची तरतरी लवकर उतरते, म्हणून ते जास्त कप पितात. म्हणजे कप जास्त, पण तेवढ्याच कॉफीतून रक्तात उरणारं कॅफिन कमी! मग गुडघ्याचा गुन्हेगार कोण? कॅफिन, कॉफीतलं दुसरं काही, की हीच एन्झाइमं आणखी जे काही फोडतात ते? कप मोजून हे कळत नाही.

दुसरं, त्याच २०२० च्या अभ्यासात लठ्ठपणाचाही संबंध निघाला होता. वजन वाढलं की गुडघा झिजतो हे सांगायला जनुकं कशाला लागतात? धाकट्यानं ती ओळ वाचलीच नसणार.

सातरस्ता_बायो
वजनाचा हिशेब वेगळा काढता येतो, कॉफी आणि वजन दोन्हींची जनुकं एकाच गणितात घालून. शंका आलेलं जनुक बाजूला ठेवून परत मोजतात. तुम्ही म्हणताय तेवढी भाबडी पद्धत नाही ही.

होटगीरोड
मोजतात, मान्य. पण गाऊटचं बघा, म्हणजे युरिक ॲसिड सांध्यात साचून होणारं दुखणं. कॉफीनं गाऊट कमी होतो असं २०१८ साली याच पद्धतीनं दाखवलं. कॉफीशी जोडलेल्या जनुकांच्या यादीत एबीसीजी२ आहे आणि ते शरीरातून युरिक ॲसिड बाहेर टाकायचं काम करतं. म्हणजे ते कॉफीला मधे न घेता थेट सांध्यापर्यंत पोचतंय. असा साक्षीदार फितूरच धरायचा.

सातरस्ता_बायो
एबीसीजी२ वर तुमचा मुद्दा बिनतोड. तो गाऊटपुरता, गुडघ्यावर ढकलू नका.

नवीपेठ_ताई
मला एक सोपी कसोटी सुचते. जी माणसं आयुष्यात कॉफीला शिवलीच नाहीत, त्यांच्यातही ही जनुकं असणारच. त्यांचे गुडघेही तितकेच जास्त झिजत असतील, तर कॉफीचा काय दोष? कडक_भाकरीनं चेष्टेत म्हटलं, पण या तपासाला कॉफी न पिणारंच गाव पाहिजे.

होटगीरोड
ताई, कसोटी चांगली, पण चहातही कॅफिन असतंय. आपलं गाव नापास.

कडक_भाकरी
बघा, माझ्यामुळं संशोधन अडलं.

नवीपेठ_ताई
बरं, आणखी एक. ते ३ लाख लोक सगळे गोरे ब्रिटिश. त्यातली कुणी दिवसाला हजार विड्या वळत मांडी घालून बसली होती का? माझी आजी वळायची. उठताना भिंत धरायची. कॉफी तिनं चाखलीही नव्हती.

सातरस्ता_बायो
एका आजीवरून नियम होत नाही, ताई. आणि जनुकांचा परिणाम दिसला तरी तो जन्मभराच्या सवयीचा असतो. ६४ व्या वर्षी दोन कप बंद केले तर काय फरक पडेल, हे त्यातून निघत नाही, एवढं मीही मानतो. पण म्हणून तो अभ्यासच फोल, हे मी मानणार नाही.

@पूर्वभागातला, आईंचं वजन किती? आणि कॉफीत साखर?

पूर्वभागातला
वजन ७८. साखर तीन चमचे, प्रत्येक कपाला. धाकटा साखरेबद्दल अवाक्षर बोलला नाही. मी पण बोलणार नाही, तुम्हीच या एकदा घरी.