ट्रिगर फिश हीटरच्या वायरी कुरतडतोय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळणारं इथे कुणी असेल तर कृपया सविस्तर उत्तर द्या. प्रकरण आता विजेपर्यंत आलं आहे.

टँक ४ × २ × २ फूट, साधारण ४५० लिटरचा, साध्या काचेचा. काचेला कुठेच भोक पाडलेलं नाही, त्यामुळे सम्प (सामान ठेवायची खालची वेगळी टाकी) नाही. कॅनिस्टर फिल्टर (नळ्यांनी जोडलेला, बंद डब्यातला) खाली कपाटात आहे; हीटर, दोन वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारे पंखे) आणि थर्मामीटर मात्र टँकच्या आत. विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २६ अंश. प्रवाळ नाहीत, फक्त मासे. त्यातला कर्ता पुरुष म्हणजे अंड्युलेटेड ट्रिगर, हिरवट अंगावर नारिंगी तिरक्या रेघा असलेला. आता वीतभर झाला आहे.

दगड ढकलणं, वाळू उपसणं हे पहिल्यापासूनच होतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. समुद्रात हे मासे तोंडाने पाण्याचा झोत मारून सी अर्चिन उलटा पाडतात आणि खालच्या, कमी काट्यांच्या बाजूने फोडून खातात. खेकडे, शिंपले फोडायलाच त्यांचे छिन्नीसारखे दात असतात. पण हल्ली त्याने आधी हीटरचे सक्शन कप तोडले, मग हवेची नळी, आणि गेल्या आठवड्यात एका वेव्हमेकरच्या वायरचं आवरण इतकं सोललं की आतलं तांबं दिसायला लागलं. तो वेव्हमेकर २४ व्होल्टवर चालणारा होता. हीटरची वायर २३० व्होल्टची आहे, आणि रोज त्या पाण्यात माझा हात जातो.

हीटरला प्लास्टिकचा गार्ड लावला, त्याच्या पट्ट्या चावून टाकल्या. मग हीटर पीव्हीसी पाइपात घातला, तर टँक गरम व्हायच्या आधीच तो बंद पडायला लागला. आम्ही पुण्यात राहतो. डिसेंबर-जानेवारीत हीटर काढून ठेवणं शक्य नाही.

काच न फोडता हीटर त्याच्या दातांपासून कसा वाचवायचा? आणि वायरींवर काय चढवू? "मासा कुणाला तरी देऊन टाका" हा सल्ला कृपया देऊ नका. माणसं ओळखणारा, खोलीत कोण आलं ते काचेपाशी येऊन बघणारा मासा आहे तो. जागा बदलायची तर सामानाची बदलू.

प्रतिसाद १

ताई, आधी विजेचं बघा, बाकी सगळं नंतर. टँकच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का? नसेल तर आजच इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि नुसती आरसीसीबी पुरत नाही. काचेच्या टँकमध्ये वायर फुटली तरी करंटला बाहेर जायला वाट नसते, म्हणून ती वीज तोडत नाही. पहिली वाट तुमचा हात ठरतो. त्यासाठी टायटॅनियमचा ग्राउंडिंग प्रोब पाण्यात सोडून घराच्या अर्थिंगला जोडतात. मग वायर सोलली गेली की त्याच क्षणी वीज तुटते. घराचं अर्थिंग खरंच चालू आहे ना, हे तपासून घ्या. जुन्या इमारतींत बऱ्याचदा नुसती तीन पिनांची सॉकेटं असतात. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे, हे तर हवंच.

ती सोललेली वायर चिकटपट्टी लावून परत वापरू नका. खाऱ्या पाण्यात तांबं विरघळतं. माशांना कदाचित लगेच काही होणार नाही, पण पुढे कधी कोळंबी किंवा प्रवाळ ठेवायचे म्हटलं तर अडचण येईल.

प्रतिसाद २

पाइपातला हीटर लवकर बंद पडतो, कारण आतलं पाणी हलत नाही. तेवढंच पाणी तापतं आणि थर्मोस्टॅटला वाटतं काम झालं. पाइपाला वरपासून खालपर्यंत भरपूर भोकं पाडा आणि वेव्हमेकरचा प्रवाह त्यावर येऊ द्या. तरी माझं मत विचाराल तर तुमच्याकडे कॅनिस्टर आहे, मग हीटर आत हवाच कशाला? इनलाइन हीटर घ्या. तो फिल्टरच्या परतीच्या नळीत, टँकच्या बाहेर, उभा बसतो. खाऱ्या पाण्याला चालणारा आहे ना, एवढं विचारून घ्या. फिल्टर आणि हीटर एकाच स्विचवर ठेवा, म्हणजे फिल्टर बंद केला की हीटरही बंद होईल. टायटॅनियमचा हीटर हाही पर्याय आहे, पण नळी शाबूत राहिली तरी वायर त्याच्या तोंडाशीच राहते.

वेव्हमेकर बदलायचाच असेल तर मोटर काचेबाहेर आणि पंखा आत, चुंबकाने जोडलेला, असा घ्या. पाण्यात वायरच नाही. आहे तो ठेवायचा असेल तर वायर कडक पीव्हीसी कंड्युटमधून (वायरिंगच्या पाइपातून) थेट काठापर्यंत न्या. लवचिक नळी तो चावून फोडेल.

आणि त्याच्या दातांना काम द्या. तिसऱ्या, शिणाणे, लहान कुर्ल्या, सगळं कवचासकट, एक-दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग. रोज तेच देऊ नका, अशा खाण्याने ब१ जीवनसत्त्व कमी पडतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हीटर आत्ताच काढला, इलेक्ट्रिशियन उद्या येतोय. दादा, एक शंका: माझ्या कॅनिस्टरची नळी १६ मिलिमीटरची आहे आणि इनलाइन हीटर ३०० वॅटचा मिळतोय. ४५० लिटरला पुण्याच्या थंडीत एवढा पुरेल, की दोन लावू?