पैठणी, बजेट 40 हजार: पैसे नेमके कशावर घालावेत?

सुतरफेणी
हातमागाची पैठणी घ्यायची आहे. लग्नाबिग्नाचं निमित्त नाही. लांबूनच 'केवढ्याची?' विचारायला लावणारी नको, जवळ घेऊन बघत बसावं असं विणकाम हवं. दुकानात मात्र ब्रोकेड, महाराणी, डबल पदर एवढंच पुढ्यात टाकतात. 40 हजारांत काय मागावं? आणि पाठीमागून ओळखायची म्हणतात, म्हणजे काय बघायचं?

काठपदर
पैसे पदरावर घाला, साडीच्या अंगावर नको.

ब्रोकेड म्हणजे अंगभर वेलबुट्टी. हॉलच्या दुसऱ्या टोकावरून दिसते ती श्रीमंती याचीच. या बजेटात अंगभर ब्रोकेड मिळत असेल तर माल बहुधा यंत्रमागाचा, किंवा पदरात हात आखडलेला.

खरी मजुरी पदरात असते. पदराची जमीन, म्हणजे नक्षीमागची पार्श्वभूमी, जरीची आणि नक्षी रेशमाची. प्रत्येक रंगाच्या तुकड्याला वेगळी तिल्ली, म्हणजे बाणा (आडवा धागा) गुंडाळलेली बारकी कांडी. मोराच्या मानेपाशी हिरवा संपला की विणकर तो शेजारच्या धाग्यात अडकवून मागे फिरवतो आणि तिथून पुढे दुसरी तिल्ली चालते. धोटा (आडवा धागा नेणारं साधन) या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जातच नाही, म्हणून दिवसभर बसूनही पदर थोडाच पुढे सरकतो. साध्या पदराच्या साडीला महिनाभर सहज लागतो, भरगच्च कामाला सहा महिने आणि वरही.

तेव्हा 'मोर किती?' असं विचारू नका. पदर किती इंचांचा आणि एका आडव्या ओळीत रंग किती वेळा बदलतो ते बघा. दोन रंगांत उरकलेला हातभर मोर दिसायला भारी, विणायला सोपा. बारीक मुनिया (पोपट), असावलीची फुलवेल, बांगडी मोर (बांगडीसारख्या गोलातले मोर) यांत जास्त तिल्ल्या लागतात. अंग साधं किंवा तुरळक बुट्ट्यांचं आणि पदर दाट, ही जोडणी तुमच्या बजेटात बसते.

धोटा
पाठीचं सांगतो. पदर उलटा करून उजेडात धरा. हाताने विणलेल्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, मागे फार तर धाग्यांची बारीक टोकं. यंत्रमागाच्या मालात मागे धागे मोकळे लोंबतात किंवा कातरल्याची लव दिसते. मग मोबाइलचा कॅमेरा मोठा करून नक्षीची उभी कड बघा. रंग जिथे एकमेकांत अडकवले तिथे ती किंचित दातेरी असते. शेजारशेजारचे दोन मोर ताडून पाहा: डोळा, चोच तंतोतंत एक असेल तर शंका घ्या.

काठ मात्र हातमागावरही जकार्ड (नक्षीचे धागे आपोआप उचलणारं यंत्र) लावून काढतात. येवल्यात हे सर्रास चालतं. त्यात फसवणूक नाही, फक्त विचारून घ्या.

येडा_राघू
मिरवण्यात एवढं वाईट काय आहे हो? पेशव्यांच्या काळापासून पैठणी मिरवायलाच घेतात :) टीव्हीवरच्या खेळात बक्षीस म्हणूनही तीच द्यायचे.

बरं, जर. अस्सल जरीत रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. 40 हजारांत ती मिळत नाही. कुणी देतो म्हणाला तर ताणू नका, उठा. तुम्हाला टेस्टेड जर मिळेल, म्हणजे तांब्याच्या तारेवर मुलामा. टोकाचा धागा नखाने खरवडला की खाली तांबूस दिसतं, अस्सल असेल तर पांढरं. प्लास्टिकची जर ज्योतीजवळ आक्रसून गोळी होते. ती दिसली की बाकी काही तपासत बसू नका.

सुतरफेणी
खूप उपयोगी. सिल्क मार्क असला की पुरे ना? आणि रंगात काय बघू?

काठपदर
पुरत नाही. सिल्क मार्क फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, यंत्रमागाच्या शुद्ध रेशमी साडीलाही तो मिळतो. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा. पैठणीला 2010 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला आहे, पण दुकानात नुसती जीआयची पाटी असली म्हणून तिथली प्रत्येक साडी त्यात बसते असं नाही.

रंगात आधी ठरवा, एकधोटी की कडियल. एकधोटीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, म्हणून छान धूपछाव मिळते. पण अंगाचाच बाणा काठातूनही जातो, त्यामुळे काठाचा रंग जरा मळतो. कडियलला तीन धोटे, काठ स्वतःच्या रंगात स्वच्छ आणि काठ-अंगाच्या सांध्यावर बाणे एकमेकांत गुंतलेले. विणकामासाठीच घेताय तर कडियल मागा. काळ्या अंगाला लाल काठाची चंद्रकळा कडियलमध्ये बघाच.

धोटा
घेतल्यावर: सुती फॉल आधी भिजवून, वाळवून मगच लावा, नाहीतर नंतर आटतो आणि काठाला चुण्या पडतात. अत्तर, स्प्रे जरीवर नको, काळी पडते. हँगरला टांगू नका, जड पदराच्या ओढीने घडीवर रेशीम विरतं. मऊ सुती कापडात गुंडाळा, तीन-चार महिन्यांनी घडी बदला, डांबराच्या गोळ्या साडीला लागू देऊ नका.

आणि बिलावर 'हातमाग, हाताने विणलेला पदर, टेस्टेड जर' असं लिहून घ्या. बोलताना सगळे हो म्हणतात, लिहायची वेळ आली की काहींचं पेन चालत नाही. तिथून घेऊ नका.