पश्चिममुखी ग्रामपंचायत आणि वाचनालय: बिनाएसी भागेल का?

सातबारा
लातूर जिल्ह्यात ग्रामपंचायत कार्यालय आणि वाचनालय एकत्र बांधायचंय. तळमजलाच, २० बाय १० मीटर. रस्ता पश्चिमेला, म्हणून लांब बाजू आणि दर्शनी काच तिकडेच आलीय. ५ किलोवॅट सोलर आणि पावसाच्या पाण्याची टाकी धरलीय. एवढ्यावर बिनाएसी भागेल? भिंतींना रॅट-ट्रॅप बाँड (विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची रचना) चालेल?

ओळंबा
आधी ती काच काढा. मे महिन्यात दुपारी साडेचारला ऊन ३०-३५ अंशांवर उतरलेलं असतं. ६० सेंमी छज्ज्याची सावली तेव्हा जेमतेम ४० सेंमी पडते, खालची सगळी काच तापते. इमारत फिरवून १० मीटरची बाजू रस्त्याला आणता आली तर उत्तमच. नाहीतर पश्चिमेला ८ फुटी ओसरी, तिच्या कडेला विटांची जाळी, आणि जिना व भांडार त्या अंगाला. शौचालय तिकडे नको. पावसाळ्यात वारा तिकडूनच, वास वाचनालयभर. पूर्वेला न्या (ईशान्य कोपरा सोडून, नाहीतर ग्रामसभा त्यातच संपेल).

आणि छत. एकमजली इमारत मुख्यतः स्लॅबमधून तापते. वॉटरप्रूफिंग, त्यावर ५० मिमी एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारा कडक फोम), मग १:१०० उताराचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), वर पांढरा चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी). कोब्यावर ७ दिवस पाणी बांधून ठेवा, नाहीतर चिरा पडतात. पांढरेपणा धुळीने जातो. मार्चमध्ये घासून धुवायचा. खालून फॉल्स सीलिंग मारलं तरी स्लॅब तापायचा तो तापतोच.

माळवद
रॅट-ट्रॅपमध्ये विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात, पण वीट एकसारखी हवी. गावठी भट्टीची वेडीवाकडी असेल तर नाद सोडा. गवंडी पोकळीत माल पाडतो; तो भरला की पोकळीचा फायदा गेला. जोत्याचा, खिडकीखालचा आणि लिंटेलखालचा (दार-खिडकीवरच्या तुळईखालचा) थर भरीव घ्या. वायरिंगचे पाइप बांधतानाच पोकळीत सोडा, नंतर कटर लावला तर उभी वीट फुटते.

सातबारा
सरपंचांना काच हवीच आहे. उत्तरेला लावली तर?

ओळंबा
चालेल, पण उभ्या पट्ट्या लावून. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्यही डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचं ऊन तिरपं आत येतं.

पन्हळ
पाण्याचा हिशोब: २०० चौ.मी. छत × ०.७ मीटर पाऊस × ०.८ (बाकीचं वाया जातं) = वर्षाला १,१२,००० लिटर. छताची घाण घेऊन येणारं पहिलं दीड मिलिमीटर, म्हणजे ३०० लिटर, वाया सोडायचं. ६ इंची पाइपाच्या मीटरभरात १८ लिटरच मावतात, त्यामुळे पाइपाचा तुकडा पुरत नाही, वेगळा ड्रम हवा. त्याच्या तळाला बारीक गळतं भोक ठेवा. ड्रम भरलेलाच राहिला तर पुढच्या पावसाची घाण थेट टाकीत.

सोलर बॅटरीशिवायचं असेल तर लाइट गेली की तेही बंद पडतं. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या: १२ पंखे × ३० वॅट = ३६० वॅट. दिवे धरून ५०० वॅट, ४ तास, म्हणजे २ युनिट; बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून अडीच युनिटची लिथियम बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा). गच्चीवरची टाकी पॅनेलच्या उत्तरेला ठेवा, नाहीतर तिची सावली पॅनेलवर पडते.