'द सी वुल्फ' (१९४१): सगळं स्टुडिओतलं, तरी जहाज खरं का वाटतं?

रात्रपाळी:
काल पुन्हा पाहिला. एडवर्ड जी. रॉबिन्सन कप्तान वुल्फ लार्सन, सोबत जॉन गारफिल्ड आणि आयडा लुपिनो. शूटिंग स्टुडिओतलं आहे हे लपत नाही, धुकं तर सरळसरळ मशीनचं. याच दिग्दर्शकाचा, मायकेल कर्टिझचा, आदल्या वर्षीचा 'द सी हॉक' पण बघून झालाय. तलवारबाजी, एरॉल फ्लिनचं ते हसू, कॉर्नगोल्डचं दणदणीत संगीत. मजा आली आणि विसरलो. हा कळकट, कोंदट सिनेमा मात्र डोक्यातून जात नाही. असं का होत असावं?

जुनी_रिळं:
अहो, त्या धुक्यातच तर सगळी जादू आहे! सोल पोलिटोचा कॅमेरा बघा. धुरात कंदिलाचा उजेड पसरतो, मागचा माणूस अर्धा पुसला जातो, डोलकाठी वर कुठे संपते ते कळतच नाही म्हणून ती उंच वाटते. स्पेशल इफेक्ट्ससाठी ऑस्करचं नामांकन होतं याला. पुढे १९५६ च्या 'मोबी डिक'मध्ये तर जॉन ह्यूस्टन आणि कॅमेरामन ऑस्वाल्ड मॉरिस यांनी रंगीत सिनेमाचे रंग मुद्दाम फिके केले. समुद्र निळाशार दिसायला लागला की सिनेमा सहलीला निघतो.

इंजिनरूम:
माझी उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांवर गेली, त्यामुळे दोर कसे बांधलेत, सुकाणू कसं धरलंय वगैरे बघायला लागलो की असले सिनेमे मला पुरते बघवत नाहीत. इथे ते बघायचं सुचलंच नाही, कारण यातली माणसं बरोबर आहेत. जहाजावर वरिष्ठ डोक्यात गेला तर दार आपटून जाणार कुठे? पुढच्या बंदरापर्यंत त्याचंच तोंड बघायचं. लार्सनला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो फारसा ओरडतही नाही.

तो दारुड्या डॉक्टर आठवा, जीन लॉकहार्टने केलेला. लुपिनोने केलेल्या बाईला रक्त देऊन वाचवतो आणि बऱ्याच काळाने त्याला आपण डॉक्टर असल्याचं आठवतं. दारू सोडून, नीट कपडे घालून वर येतो, म्हणतो मला मानाने वागवा. लार्सन काय करतो? सगळ्यांसमोर त्याची अब्रू काढतो, आणि खलाशी हसतात! तेच खलाशी, ज्यांना रोज लार्सनच्या लाथा खायच्यात. मग डॉक्टर डोलकाठीवर चढतो आणि खाली उडी टाकतो. एवढ्या प्रसंगात समुद्राचं काही काम नाही. बॅरी फिट्झजेराल्डचा स्वयंपाकी तसाच. चुगलखोर, सगळ्यांच्या मागे लागलेला. त्याला दोराला बांधून पाण्यात ओढतात आणि शार्क पाय नेतो, तेव्हा वाईट वाटावं की बरं झालं म्हणावं, हे सिनेमा आपल्याला सांगत नाही.

'सी हॉक'मध्ये शूर कोण आणि दुष्ट कोण हे पहिल्या रिळातच ठरलेलं असतं. इथे लार्सनसारख्या क्रूर माणसाच्या केबिनमध्ये कवी मिल्टनचं पुस्तक सापडतं, त्याचं डोकं ठणकतं, डोळे जात चाललेत, आणि हे तो कुणाला कळू देत नाही. खलाशांना वास लागला की संपलं, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? मला तरी कोणत्याही तलवारबाजीपेक्षा त्याचं ते चाचपडणं जास्त भीतीदायक वाटलं.

खारावारा:
बाकी सगळं मान्य, पण लुपिनोला काम फार कमी दिलंय. अर्थात जॅक लंडनच्या १९०४ च्या कादंबरीतली ती सुसंस्कृत लेखिका काढून तिथे तुरुंगातून पळालेली बाई आणली, हे बरंच केलं. या जहाजावर तीच शोभते.

जुनी_रिळं:
@रात्रपाळी, तुम्ही पाहिलेली प्रत किती मिनिटांची? १९४७ मध्ये पुन्हा प्रदर्शित करताना कापाकापी झाली होती, टीव्हीवर वर्षानुवर्षं तीच फिरायची. पूर्ण सिनेमा १०० मिनिटांचा आहे, आणि तो आता स्वच्छ प्रिंटमध्ये मिळतो.

रात्रपाळी:
माझी दीड तासाच्या आतच संपली. म्हणजे आणखी लार्सन शिल्लक आहे तर! शनिवारी पूर्ण बघतो.