अनुभव धागा: तुमच्या घरातली शिखी

"तुम्ही पंजाबात कुठले?" पुण्यात आल्यापासून महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. मी सांगते, नांदेडची. "हो, पण मूळच्या?" मूळचीही नांदेडचीच. १८३०च्या दशकात महाराजा रणजितसिंहांनी नांदेडच्या गुरुद्वाऱ्याची, हजूर साहिबची इमारत उभी करवली, तेव्हा पंजाबातून आलेल्या माणसांत आमचे कुणीतरी होते, असं घरात सांगतात. कागद काही नाही. आम्हाला दखनी शीख म्हणतात. घरात दखनी हिंदी, शाळेत मराठी, गुरुद्वाऱ्यात पंजाबी. अमृतसरला गेले की तिथले दुकानदार माझं पंजाबी ऐकून गालातल्या गालात हसतात.

गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला आले, तिथेच ज्योतीजोत समावले, म्हणजे देह ठेवला, आणि जाण्याआधी गुरुपद ग्रंथसाहिबाला देऊन गेले, हे बहुतेकांना माहीत असतं. इथे ते नको. घरातलं सांगा. स्वयंपाकघरातलं, आरशासमोरचं, सासू-सुनेतलं. शीख असा किंवा नसा.

सुरुवात मी करते. तख्तासाठी, म्हणजे हजूर साहिबसाठी, रोज अंधार असतानाच गोदावरीचं पाणी गागरीत भरून आणतात. ही सेवा करणाऱ्याला गागरिया सिंघ म्हणतात. लहानपणी मी दादीला विचारलं होतं, गुरुद्वाऱ्यात नळ नाही का? त्या दिवशी मला संध्याकाळपर्यंत जोडे सांभाळायच्या सेवेला बसवलं. हजार जोड्या तरी पाहिल्या असतील. अजूनही माणसाच्या आधी मला त्याच्या चपला लक्षात राहतात.

नाशिकची लेक, शिखांची सून

माझं माहेर देशस्थ, सासर शीख. लग्नात दोन्हीकडचं झालं, आधी सप्तपदी, मग ग्रंथसाहिबाभोवती चार लावां, म्हणजे फेरे. त्यात काहीच अडलं नाही. अडलं ते मुलगा झाल्यावर.

आईचा फोन दर आठवड्याला. "जावळ कधी काढताय?" मी सांगायचे, आई, त्यांच्यात केस काढत नाहीत. "अगं, कायमचे नाही म्हणत मी, एकदाच. पहिले." तिच्या लेखी जावळ न काढणं म्हणजे बाळाची हेळसांड. इकडे मम्मीजींच्या लेखी कात्रीचं नाव काढणंसुद्धा अशुभ. दोघी समोरासमोर आल्या की अतिशय गोड बोलायच्या आणि मला घाम फुटायचा. शेवटी मुलगा वर्षाचा झाला तेव्हा आई आली, त्याला मांडीवर घेतलं, वाटीत खोबरेल कोमट केलं आणि तासभर त्याच्या डोक्याला चोळत बसली. जावळाचा विषय पुन्हा निघाला नाही. मम्मीजी सरसोंच्या तेलाच्या, पण त्या दिवशी त्याही काही बोलल्या नाहीत.

आता तो नऊ वर्षांचा आहे. रविवारी केस धुणं म्हणजे अर्धा दिवस गेला. गुंता काढताना तो ओरडतो, मी ओरडते, कंघा हरवतो, तो शेवटी सोफ्याखाली सापडतो. जुडा मला अजून घट्ट बांधता येत नाही. पटका, म्हणजे मुलांची छोटी पगडी, बांधून शाळेत जातो आणि परत येतो तेव्हा तो डाव्या कानावर आलेला असतो. सोसायटीत नवीन आलेलं कुणी ना कुणी विचारतंच, मुलगी का? पूर्वी रडायचा. आता म्हणतो, "नाही, सरदार."

अजून एक. कडा प्रसाद मी पहिल्यांदा केला तेव्हा शिऱ्याच्या हिशेबाने तूप घातलं. मम्मीजींनी कढईत डोकावून विचारलं, "बेटा, घी कित्थे है?" एक वाटी कणीक, एक वाटी साखर, एक वाटी तूप, कमी-जास्त काही नाही. कणीक खमंग होईपर्यंत हात थांबवायचा नाही आणि तोंडाने जपजी साहिब, सकाळची प्रार्थना, चालू. माझं पाठांतर कच्चं, त्यामुळे घड्याळाकडे न बघता मला कळतं की आज कणीक आधी भाजली, बाणी मागे राहिली. आणि प्रसाद घ्यायचा तो दोन्ही हातांची ओंजळ करून. उजवा तळहात वर, डावा खाली, ही माझी माहेरची सवय मोडायला दोन वर्षं लागली.

कोळीवाड्यातला

सायन कोळीवाडा, म्हणजे आताचं गुरू तेग बहादूर नगर. फाळणीनंतर आजोबा रावळपिंडीकडून आले ते इथल्या निर्वासितांच्या बराकींत. त्यांची शाळा उर्दूत झालेली, त्यामुळे त्यांचा गुटका, म्हणजे प्रार्थनांची छोटी पोथी, उर्दू अक्षरांतला. आजी गुरुमुखी वाचायची, तिचा गुटका वेगळा. मी मराठी शाळेतला, माझा देवनागरीत. एकच जपजी, तीन लिप्या. सकाळी तिघं शेजारी बसलो की पानंसुद्धा एका दिशेने उलटत नसत, आजोबांची उजवीकडून सुरू.

आजोबा गेल्यावर त्यांचा गुटका रुमालात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला आहे. घरात तो वाचू शकणारं आता कुणीच नाही. गुरुमुखी शिकायचं मीही दर बैसाखीला ठरवतो. ३५ अक्षरं आहेत फक्त. लाज वाटते, पण खरं ते लिहिलं.

संभाजीनगरहून

मी शीख नाही, सचखंड एक्सप्रेसचा प्रवासी आहे. दिल्लीला नोकरी होती तेव्हा घरी येण्या-जाण्याची गाडी हीच. वाटेत स्टेशनांवर लंगर येतो, डबा घेऊन दाराशी जायचं. पहिल्या खेपेला माझ्याकडे भांडं नव्हतं म्हणून समोरच्या बाईंनी त्यांच्या डब्याचं झाकण दिलं. कढी-भात झाकणात. अर्धी कढी शर्टवर. तेव्हापासून बॅगेत ताट असतं, विमानाने जातानाही.

माळकरी

आमचं घर वारीचं. नामदेवांचे ६१ शबद, म्हणजे पदं, ग्रंथसाहिबात आहेत हे कीर्तनात ऐकत आलेलो, पण ऐकणं वेगळं. २०१५ च्या साहित्य संमेलनासाठी घुमानला गेलो. गुरदासपूर जिल्ह्यातलं गाव. सगळे 'बाबा नामदेवजी' म्हणतात आणि आपण पंढरपूरकडचे म्हटल्यावर हात सोडत नाहीत. तिथे दरबारात एक शबद लागला, 'आनीले कुंभ भराईले ऊदक'. पंजाबीचं अक्षर न कळणारा मी दचकलोच. आनीले! हे तर आपलं 'आणिले'. पुढे 'बीठलु' आला आणि माझ्या शेजारचे तुळशीमाळवाले काका उघड रडायला लागले.

अर्थ ग्रंथसाहिब वाचणाऱ्या एका ग्रंथींनी सांगितला. देवाला न्हाऊ घालायला घागर भरून आणली, पण त्या पाण्यात बेचाळीस लाख जीव आधीच राहतात. फुलं भुंग्याने हुंगलेली, दूध वासराने उष्टावलेलं. मग विठ्ठलाला वाहू काय? जिकडे जावं तिकडे तोच.

गागरिया सिंघांबद्दल वाचून हे आठवलं. विरोध म्हणून नाही हं.

धागाकर्ती

विरोध कसला! हा शबद आमच्या घरी पाठ आहे आणि गागरही रोज येते. मी कॉलेजात असताना दादीला नेमकं हेच विचारलं होतं, फार मोठा मुद्दा सापडल्याच्या आवेशात. ती म्हणाली, चहा ठेव.

नाव नको

माझे मामा दिल्लीचे. अल्बममध्ये त्यांचा ऑक्टोबर १९८४ मधला फोटो आहे, पगडीतला, माझ्या बारशाचा. पुढचा फोटो थेट १९८६ चा. त्यात केस कापलेले आहेत. मधल्या काळाबद्दल घरात कुणी बोलत नाही, मीही विचारलेलं नाही. एवढंच लिहायचं होतं.

नागपूरचे काका

सगळ्यांचं वाचलं. माझं छोटं आहे. पगडीच्या कापडाची पूणी करायला दोन माणसं लागतात. दोघांनी दोन टोकं धरून ताणायचं आणि घड्या घालत एकमेकांकडे यायचं. माझ्या वडिलांचं दुसरं टोक मी धरायचो, पुढे माझं टोक माझ्या मुलाने धरलं. सकाळी पावणेसातला रोज. आमचं त्याच्याशी जे काही बोलणं व्हायचं ते त्या दोन मिनिटांत. शाळेची फी, परीक्षेचे मार्क, एकदा तर त्याने त्याच्या लग्नाचंही तेव्हाच सांगितलं, टोक हातात धरून.

दीड वर्षापूर्वी तो कॅनडाला गेला. बायकोचे गुडघे धरलेत, तिला सकाळी उठवत नाही. मी कापडाचं टोक खिडकीच्या गजाला बांधतो. लड, म्हणजे पगडीचा पदर, हवी तशी बसत नाही.

कोळीवाड्यातला

काका, गजाला बांधू नका, गंज लागतो, मलमल असेल तर फाटतेही. टोक दाराच्या फटीत घालून दार लावून घ्या. आणि दार आतून उघडणारं असेल तर घरच्यांना आधी सांगून ठेवा, मी एकदा तोंडावर पडलोय.