बडोद्यात भाड्यासाठी घेतलेलं घर: हप्ता, टॅक्स आणि विक्री. तुमचे अनुभव लिहा

बडोद्याच्या मराठी घरांत एक रीतच पडून गेली आहे. रिफायनरी असो, जीएसएफसी असो, रेल्वे नाहीतर युनिव्हर्सिटी, रिटायर होताना पीएफचा एक वाटा फ्लॅटमध्ये घालायचा, “भाडं येत राहील” म्हणून. भाडं येतंही. पण हप्ता, वेरा (घरपट्टी), इन्कम टॅक्स आणि शेवटी विकताना होणारी दमछाक याबद्दल हळदीकुंकवात कुणी बोलत नाही. इथे बोला. बिल्डर, बँक, सोसायटी यांची नावं मात्र नकोत, उगाच भांडणं लागतात. सुरुवात मीच करते.

वासणा रोड (धागाकर्ती)
2023 मध्ये भायलीकडे टू-बीएचके घेतला, 30 लाखांचा. कर्ज 24 लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता 20,800 च्या आसपास आणि भाडं 11,000. म्हणजे दरमहा जवळपास दहा हजार पगारातून जातात. हे धरूनच घेतला होता.

टॅक्सचं गणित आधी नीट बसत होतं. वर्षाचं भाडं 1,32,000. त्यातून वेरा 3,000 गेला, उरलेल्याचे 30 टक्के सरसकट वजा, म्हणजे 90,300 उरले. पहिल्या वर्षाचं व्याज दोन लाखांच्या वर. तेव्हा घराच्या खात्यात लाखभर तोटा दिसतो, आणि जुन्या करप्रणालीत तो पगारातून वजा होतो (वर्षाला दोन लाखांपर्यंतच; उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण तेव्हा फक्त घराच्या उत्पन्नातून). मी नव्या करप्रणालीत गेले, कारण बाकी सगळं धरलं तर तीच स्वस्त पडत होती. तिथे हा तोटा पगारातून वजा होत नाही आणि पुढेही नेता येत नाही. भाड्यावर टॅक्स लागत नाही एवढाच काय तो फायदा.

एक गोष्ट मात्र जमली. दस्तावेज माझ्या एकटीच्या नावावर केला, त्यामुळे एक टक्का नोंदणी फी माफ झाली. स्टॅम्प ड्युटीचे 4.9 टक्के भरावेच लागले. “माझं नाव का नाही?” म्हणून नवरोबा दोन दिवस फुगले होते. तीस हजार वाचले म्हटल्यावर खुलले.

मांजलपूरचे काका
ताई, हप्त्याचं जाऊ द्या, विकायला काढलात की खरी मजा. आमचा फ्लॅट ऑगस्ट 2006 मध्ये 9 लाखांना घेतलेला, नोव्हेंबर 2025 मध्ये 34 लाखांना गेला. घर बघायला येणारा प्रत्येक जण स्वयंपाकघरात पाऊल टाकायच्या आधी विचारायचा, “दस्तावेज केटलानो करवानो छे?” म्हणजे कागदावर जंत्रीइतकी (सरकारी दराइतकी) रक्कम आणि बाकी रोकड. जंत्री 2011 नंतर थेट 15 एप्रिल 2023 ला जवळपास दुप्पट झाली, तरी बाजारभाव आणि तिच्यात अंतर आहेच. मी सरळ नाही म्हणायचो. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड बसू शकतो. शिवाय पेन्शनर माणसानं पंधरा लाखांच्या नोटा ठेवायच्या कुठे, गव्हाच्या कोठीत?

यामुळे गिऱ्हाइकं गळाली. शेवटी बँकेचं कर्ज काढणारं एक नोकरदार जोडपं आलं. त्यांना पूर्ण रकमेचाच दस्तावेज हवा होता, नाहीतर बँक कर्ज कमी देते. धंदेवाल्याच्या मागे धावण्यापेक्षा असा कर्जवाला खरेदीदार धरावा, वेळ लागतो पण डोक्याला ताप नाही.

आता टॅक्स. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला दोन हिशोब मांडता येतात, जो कमी तो भरायचा. महागाईचा निर्देशांक न लावता नफा 25 लाख, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे 3,12,500. निर्देशांक लावला (2006-07 चा 122, 2025-26 चा 376) की 9 लाखांचे होतात 27.74 लाख, नफा सव्वासहा लाख, त्यावर 20 टक्के म्हणजे सव्वा लाख. सेस वेगळा. आमचा नेहमीचा टॅक्सवाला पहिलाच हिशोब घेऊन आला होता. मुलीनं दुसरा मांडायला लावला.

गोत्री
काका, माझं उलट. 2019-20 मध्ये 30 ला घेतला, 2025-26 मध्ये 36 ला विकला. निर्देशांक लावला तर खरेदीच 39 लाखांची दिसते, म्हणून टॅक्स शून्य. पण कागदावरचा हा तोटा दुसऱ्या कशातून वजा होत नाही. सहा वर्षांत सहा लाख, त्यातून दलाली आणि दोनदा काढलेला रंग. एफडी बरी होती असं बायको म्हणते, आणि एफडीच्या व्याजावर टॅक्स किती जातो ते मी म्हणतो. वाद चालू आहे.

बँकेत नोकरी, कारेलीबागेत घर
दोन्ही बाजूंनी बघते, म्हणून लिहिते. भाड्याच्या फ्लॅटचं कर्ज चालू असताना विक्री करायची तर मूळ दस्तावेज तुमच्या बँकेत असतो. खरेदीदाराची बँक म्हणते कागद दाखवा, तुमची म्हणते आधी पैसे भरा. यावर उपाय म्हणजे आपल्या बँकेकडून कागदांची यादी आणि कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र घ्यायचं. खरेदीदाराची बँक तेवढ्या रकमेचा चेक थेट तुमच्या बँकेच्या नावे काढते, उरलेला तुमच्या. हे पत्र ठरावीक तारखेपर्यंतच चालतं आणि नेमकं तेव्हाच खरेदीदाराच्या आत्याचं लग्न निघतं.

कर्ज फिटल्यावर कागद परत करायला बँकेला 30 दिवस आहेत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला 5,000 भरपाई. रिझर्व्ह बँकेचा हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. लेखी मागा, तोंडी नको. आणि बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड नसतो, कुणी मागितला तर देऊ नका.

अजून एक. जुन्या इमारतींत बीयू परमिशन (इमारत वापरायची परवानगी) नसेल तर पुढच्या खरेदीदाराला कर्ज मिळणं अवघड. म्हणजे गिऱ्हाईक फक्त रोकडवालं उरतं आणि भाव तोच ठरवतो. सरकारनं 2022 मध्ये इम्पॅक्ट फीची योजना (फी भरून बांधकाम नियमित करून घ्यायची) पुन्हा आणली ती अशा बांधकामांसाठीच, पण सोसायटीतल्या सगळ्यांना एकत्र आणणार कोण?

समा, तळमजला
ऑगस्ट 2024. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट, पाणी गेलं 35 च्याही वर. आमच्या तळमजल्यावर कमरेइतकं. भाडेकरू नर्स होती, ती वरच्या मजल्यावर दोन रात्री राहिली आणि पाणी उतरल्यावर घर सोडून गेली. तिला काय म्हणणार? डिपॉझिट पूर्ण परत दिलं.

वायरमननं स्विचबोर्ड उघडले तर आतून ओला गाळ निघाला, अंगठ्याएवढा थर. वायरिंग, दारं, किचनचा ओटा, सगळं धरून एक लाख ऐंशी हजार. मला वाटलं हा खर्च भाड्यातून वजा होईल. नाही होत. दुरुस्तीसाठी म्हणून ते 30 टक्के सरसकट दिलेलेच आहेत, खर्च रुपया होवो की दोन लाख. घर रिकामं राहिलं त्या महिन्यांच्या भाड्यावर टॅक्स लागला नाही, एवढाच दिलासा.

आता विकायला काढलाय. येणारे लोक हॉल बघत नाहीत, मोबाइलचा टॉर्च लावून कपाटामागची भिंत बघतात. रंग दिलाय, तरी रेघ कुठे होती ते शेजारचाच माणूस उत्साहानं दाखवतो.

सध्या टोरांटो
आईचा फ्लॅट अकोट्यात, 1994 चा. ती गेल्यावर मी आणि धाकटा भाऊ अर्धे-अर्धे मालक. भाऊ बडोद्यात, मी अनिवासी. गेल्या वर्षी 48 लाखांना विकला.

भाड्यापासूनच घोळ होता. अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूनं टॅक्स कापायचा असतो, तो 31.2 टक्के, भाडं कितीही कमी असो. आमचे दोन भाडेकरू हे ऐकूनच पळाले. विक्रीतही तेच. भावाच्या 24 लाखांचा हिशोब सोपा. माझ्या 24 लाखांवर खरेदीदारानं सेस धरून 13 टक्के कापायचे, म्हणजे 3,12,000, आणि तेही नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर. कमी कपातीचं प्रमाणपत्र मिळालं तर कपात कमी होते, पण त्याला थांबायला खरेदीदार तयार हवा. आमचा एक तेवढ्यावरूनच फिरला, कारण त्याला त्यासाठी टॅन नंबरही (टॅक्स कापणाऱ्याला लागणारा) काढावा लागणार होता.

आणि काकांनी सांगितलेला 20 टक्क्यांचा पर्याय फक्त निवासींना. एकाच आईची दोन मुलं, एकच फ्लॅट, टॅक्स वेगवेगळा. खरेदीची किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 ची किंमत धरायला व्हॅल्युअरचा रिपोर्ट दोघांनी मिळून काढला. ती किंमत त्या तारखेच्या सरकारी दरापेक्षा जास्त धरता येत नाही, हे आधी माहीत असू द्या.

दांडिया बाजारचा वाडा
आमचं फ्लॅटवाल्यांसारखं सोपं नाही. पणजोबांनी गायकवाडीत बांधलेलं घर, खाली दोन खोल्यांत जुना भाडेकरू. भाडं महिना 85 रुपये. दर पाच तारखेला मनिऑर्डर करायचे, आता यूपीआय करतात. रेंट कायद्याचं संरक्षण असल्यानं ना भाडं वाढतं ना खोली सुटते. वेरा आम्ही भरतो.

विकायचं ठरवलं तर आधी प्रॉपर्टी कार्डावर वारसांची नावं चढवा. आमच्याकडे काकांची एक मुलगी इंदूरला, एक पुण्यात, सह्या गोळा करण्यात पावसाळा गेला. त्यानंतर अशांत धारा, म्हणजे अशांत ठरवलेल्या भागातल्या मिळकतींच्या विक्रीचा कायदा. जुन्या शहराचा बराच भाग त्यात येतो, आणि तिथे कलेक्टरची परवानगी मिळाल्याशिवाय दस्तावेज नोंदवून घेत नाहीत. अर्ज, पोलिसांचा अभिप्राय, शेजाऱ्यांचे जबाब. शेजारचे आजोबा जबाब द्यायला तयार, पण त्यांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्या सुनेनं प्रत्येक प्रश्न त्यांच्या कानात ओरडून सांगितला. खाली अख्ख्या गल्लीला आमचा भाव कळला. एवढं सगळं होईपर्यंत बाना (इसार) देणारा कंटाळतो. आमचा कंटाळला, पैसे परत घेऊन गेला.

आता भाडेकरूच घर घ्यायला तयार झालाय. बाजारभावापेक्षा बराच कमी देतोय. देतो म्हणतोय तर देऊ, असं आमच्या घरातलं मत होत आलंय.

अलकापुरीत दुकान
दुकानवाल्यांसाठी दोन ओळी. माझी जीएसटी नोंदणी नाही, भाडेकरूची आहे. 10 ऑक्टोबर 2024 पासून अशा भाड्यावरचा 18 टक्के जीएसटी भाडेकरूनं भरायचा. त्याला तो क्रेडिटमध्ये परत मिळतो, तरी करार नवा करताना त्यानं हेच कारण पुढे करून भाडं दोन हजारांनी उतरवलं.

निझामपुरा
फ्लॅट विकायचाय, आत युनिव्हर्सिटीची चार मुलं राहतात. आधी घर रिकामं करू की जाहिरात देऊ?

मांजलपूरचे काका
निझामपुरा, पोरं राहू द्या, पण अकरा महिन्यांचा करार कधी संपतो ते बघा. कर्जवाल्या खरेदीदाराला घर रिकामंच हवं असतं. तोवर मूळ दस्तावेज, बीयू, शेअर सर्टिफिकेट, वेऱ्याची चालू पावती, सोसायटीचं ना-हरकत पत्र एका फाइलीत लावा. पोरांना सांगून रविवारी सकाळी घर दाखवा, आदल्या दिवशी भांडी घासायला लावा. आणि डिसेंबरच्या मध्यात काढू नका. कमुरता (शुभकार्यं टाळायचा महिना) लागला की उत्तरायणापर्यंत कुणी बाना देत नाही.